खपली नाही, पण संपलीही नाही!

गेमची सिरीज हिट की फ्लॉप, हे कशावरून ठरवायचं? किती कॉपी विकल्या यावरून, की दरवर्षी नवं काय दिलं यावरून? नगरच्या सायबर कॅफेत जगलेल्या ‘क्रिकेट ०७’ने या दोन्ही फूटपट्ट्या पार वाकवून ठेवल्यात.

मे २०१०. नगरचं ऊन काय चीज आहे, ते नगरला मामाचं घर असणाऱ्यांनाच विचारा. दुपारी दीड वाजता सावेडीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आमचा मामेभाऊ, म्हणजे दादा, बारावीच्या व्हेकेशन बॅचची वही काखोटीला मारून घराबाहेर पडलेला. ती वही क्लासला क्वचितच पोचायची. ती पोचायची पहिल्या मजल्यावरच्या एका सायबर कॅफेत. मी तेव्हा बारा वर्षांची. घरी चुगली करू नये म्हणून मला सोबत नेलं जायचं आणि लाच म्हणून बॉलिंग मिळायची. बॅटिंग अर्थातच दादाची.

कॅफेत आठ कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडची पार्टिशन्स आणि एकुलता एक कूलर, तोही गल्ल्यावर बसलेल्या काकांकडे तोंड केलेला. तासाला पंधरा रुपये. हॉल तिकिटाची प्रिंट काढायला येणारे सोडले, तर तिथे नेटसाठी कोणी येत असेल असं वाटत नाही. आठपैकी निम्म्या स्क्रीनवर ‘व्हाइस सिटी’, उरलेल्या निम्म्यांवर ‘क्रिकेट ०७’. लोडशेडिंगची वेळ ठरलेली असायची, दादाची इनिंग मात्र ठरलेली नसायची. लाइट गेली की यूपीएस बोंबलायला लागायचा आणि मग उरलेली बॅटरी म्हणजेच उरलेल्या ओव्हर! त्या बीप-बीपवर दादा ज्या स्पीडने सिक्स मारायचा, तसे त्याने शांतपणे खेळताना कधी मारले नाहीत.

आता हिशेब मांडू. त्या कॅफेत एका उन्हाळ्यात हा गेम किती पोरांनी खेळला असेल? शे-दोनशे सहज. आणि कंपनीच्या वहीत त्या कॅफेच्या नावावर किती कॉपी विकल्याची नोंद असेल? शून्य. आठही मशीनवर गेम चढला होता तो एका सीडीवरून, जिच्यावर मार्करने ‘क्रिकेट + व्हाइस + क्रॅक’ असं लिहिलेलं होतं.

दहा वर्षं खेळले आणि रिटायर झाले

ही सिरीज मुळात ईए स्पोर्ट्सची. १९९६ मध्ये ‘क्रिकेट ९६’पासून सुरू झालेली. मग ९७, ९९ चा वर्ल्ड कप, २०००, २००२, २००४, २००५ असं करत नोव्हेंबर २००६ मध्ये ‘क्रिकेट ०७’ आला. कव्हरवर अँड्र्यू फ्लिंटॉफ, कॉमेंट्रीला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. बनवणारी टीम होती कॅनडाची, एचबी स्टुडिओज. म्हणजे ज्या देशात क्रिकेटपेक्षा बर्फावरची हॉकी जास्त चालते, तिथल्या लोकांनी आपला कव्हर ड्राइव्ह कोड केला. कमाल आहे की नाही?

त्यानंतर मात्र फुलस्टॉप. ‘क्रिकेट ०८’ आला नाही, ‘०९’ आला नाही, ईएने या सिरीजचा पुढचा गेम आजवर काढलेला नाही. टायमिंग बघा. सप्टेंबर २००७ मध्ये धोनीच्या पोरांनी पहिला टी-२० वर्ल्ड कप जिंकला, एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. अख्ख्या देशाला क्रिकेटचं नवं याड लागलं आणि नेमक्या त्याच वेळी जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पोर्ट्स गेम कंपनीने बॅट खाली ठेवली.

विक्रीच्या फूटपट्टीने बघितलं, तर निर्णय अगदी सरळ आहे. फुटबॉल जवळपास सगळं जग खेळतं. क्रिकेट मनापासून खेळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्या ज्या देशांत पोरं सर्वात जास्त, तिथे ओरिजिनल सीडी घेणारा माणूस म्हणजे अजूबाच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा नगरच्या एखाद्या मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीत पन्नास रुपयांत जे मिळतं, त्यासाठी कोण कशाला दहापट मोजेल? आपण मोजले नाहीत. मग ‘नवीन व्हर्जन का काढत नाहीत रे?’ म्हणून चहा पिता पिता हळहळायलाही आपणच.

हे मला टोचतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. पण गोष्ट इथे संपत नाही.

श्रीरामपूर एन्ड, संगमनेर एन्ड

‘क्रिकेट ०७’मध्ये इंडियाची टीम होती, पण आपल्या टीमचं लायसन्स कंपनीकडे नव्हतं. त्यामुळे खेळाडूंची नावं मोडतोड केलेली. चेहरा कुणाचा तरी, नाव भलतंच. ॲशेसवाल्या इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा थाट सगळा अधिकृत, आणि ज्यांच्या देशात हा गेम रात्रंदिवस चालत होता त्यांच्या वाट्याला टोपणनावं. आता यात कंपनीचा दोष किती आणि बोर्डाच्या लायसन्सच्या किमतीचा किती, तो वाद राहू द्या. पोरांनी त्यावर स्वतःच तोडगा काढला होता.

दादाच्या गळ्यात तेव्हा एक पेनड्राइव्ह असायचा. तीच त्याची इस्टेट. त्यात रोस्टरची एक छोटीशी फाइल. ती योग्य फोल्डरमध्ये टाकली, की इंडियाची टीम खरी व्हायची. अशा फाइल्स जगभरातले हौशी लोक फुकटात बनवत होते. कोणी नावं दुरुस्त केली, कोणी जर्सीचा निळा रंग बदलला, कोणी स्टेडियमचे बोर्ड, कोणी बॅटवरचे स्टिकर. आयपीएल सुरू झाल्यावर आयपीएलचे पॅच आले. ईएने टी-२०ची जी लाट सोडून दिली, ती या बिनपगारी मंडळींनी २००६ च्या गेममध्ये आणून बसवली. ना ऑफिस, ना इन्क्रिमेंट, ना डेडलाइन!

दादाच्या फाइलमध्ये एक खास गंमत होती. त्याच्या इंडिया टीममध्ये झहीर खान ओपनिंग बॉलर असणं साहजिकच होतं, झहीर श्रीरामपूरचा. पण बॅटिंगमध्ये तीन नंबरला त्याने अजिंक्य रहाणेला घातलं होतं. रहाणेचा जन्म आश्वी खुर्दचा, तालुका संगमनेर. २०१० मध्ये तो मुंबईकडून खोऱ्याने रन काढत होता, पण इंडियाची कॅप त्याच्या डोक्यावर यायची होती. ती आली २०११ मध्ये, इंग्लंडच्या टूरवर. म्हणजे सावेडीच्या सायबर कॅफेतल्या निवड समितीने मुंबईतल्या निवड समितीला एक वर्षाने मागे टाकलं होतं! ‘एका एन्डला श्रीरामपूर, दुसऱ्या एन्डला संगमनेर, आणि मध्ये आपण नगरकर,’ असं दादा म्हणायचा. रहाणे ०७ मध्ये शून्यावर आउट झाला, की मॅच रीस्टार्ट. तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न.

कंपनीने बदल केले नाहीत, असंही नाही. ‘०७’ची मोठी जाहिरात होती ती ‘सेंच्युरी स्टिक’ची. गेमपॅडच्या एका काडीने पाय हलवायचे, दुसरीने शॉटची दिशा ठरवायची. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांसाठी ती खरोखर नवी गोष्ट होती. पण आमच्या कॅफेत गेमपॅड कुठला? कीबोर्ड होता, आणि त्यावरचीही निम्मी अक्षरं झिजलेली. कंपनीला ज्या बदलाचा अभिमान, तो नगरपर्यंत पोचलाच नाही. नगरला जो बदल हवा होता, तो पेनड्राइव्हमधून आला. म्हणून ‘ही सिरीज बदलायला तयार होती का?’ या प्रश्नाचं उत्तर देताना मी आधी विचारते, बदललं कोणी आणि कोणासाठी?

बाय द वे, तेव्हाचा दुसरा मोठा स्पर्धक म्हणजे कोडमास्टर्स. त्यांचा ‘ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७’ भारतात आला तो युवराज सिंगच्या नावाने आणि ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या. गेम तोच, कव्हरवरचा माणूस वेगळा. लग्नात एकच पंगत, फक्त नवरदेवाचा बोर्ड बदललेला. मार्केटिंगवाल्यांना यालाच बदल म्हणायचं असतं, आणि आपल्या ऑफिसांतही याचे भरपूर नमुने सापडतील.

गवत तेच, दुकान नवं

आता त्याच ईएचं दुसरं लाडकं लेकरू घ्या. ‘फिफा’. पहिला गेम १९९३ चा, तेव्हापासून जवळपास दरवर्षी एक. २०२१ पर्यंत सिरीजच्या ३२ कोटींहून जास्त कॉपी विकल्या गेल्या होत्या. विक्रीच्या परीक्षेत डिस्टिंक्शन. पण बदलाचं काय? जे दरवर्षी विकत घेतात त्यांची दरवर्षीची तक्रार एकच, की नवं काय तर नवे ट्रान्सफर आणि नवी हेअरस्टाइल. सगळ्यात मोठा बदल झाला तो २००९ मध्ये, ‘अल्टिमेट टीम’ आली तेव्हा. खेळाडूंचे पत्ते जमवा, बंद पाकिटं उघडा, पैसे मोजा, पुन्हा उघडा. मैदान होतं तसंच राहिलं, मैदानाबाहेर दुकान उभं राहिलं. २०२३ मध्ये तर ‘फिफा’ हे नावच सोडून सिरीज ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाली, तरी माझ्या ऑफिसमधली टोळी शुक्रवारी रात्री ‘चल, फिफा टाकू’ असंच म्हणते.

म्हणजे जी विकली जाते तिला बदलायची गरज पडत नाही. आणि जी बदलते ती? तिची एक गोष्ट आपल्या पुण्यातली आहे. नगरहून लाल डब्याने तीन-साडेतीन तासांवर, जिथे आमच्या दादासकट नगरची निम्मी पोरं नोकरीला जातात, त्या पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. युबिसॉफ्टची ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही बदलण्याची हौस असलेली सिरीज. १९८९ चा जॉर्डन मेकनरचा मूळ गेम शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये खेळलेले सीनियर तुमच्या ऑफिसात असतीलच. २००३ मध्ये ‘सॅन्ड्स ऑफ टाइम’ आला, चूक झाली की वेळ मागे फिरवण्याची ती जादू घेऊन. समीक्षक खूश, पण सुरुवातीचा खप सुस्त. मग २००४ मध्ये प्रिन्सला काळाकभिन्न, रागीट केलं, मागे हेवी मेटल लावलं. खुद्द मेकनरला तो अवतार पसंत पडला नव्हता. २००८ मध्ये पुन्हा सगळं नवं. २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ आला, साइडने दिसणारा, चपळ, अफलातून गेम. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तो अपेक्षेएवढा खपला नाही आणि त्याच वर्षी त्याची टीम पांगवण्यात आली.

मध्ये सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ‘सॅन्ड्स ऑफ टाइम’चा रीमेक युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ करणार. एवढ्या मोठ्या नावाची धुरा भारतीय टीमकडे म्हणजे केवढी गोष्ट! पण ट्रेलर आला आणि ‘हे तर जुनंच दिसतंय’ म्हणून जगभर टर उडवली गेली. रिलीज जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेलं, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं. जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्द! ज्या गेममध्ये वेळ मागे फिरवता येते, त्याच्यावरच ही वेळ आली. पुण्याच्या ज्या पोरांनी त्यावर रात्री घालवल्या, त्यांचं काम कोणत्याच फूटपट्टीवर येत नाही, कारण ते ना विकलं गेलं, ना कोणाला खेळायला मिळालं. निदान ‘क्रिकेट ०७’ क्रॅक होण्याइतका तरी लोकांच्या हाती आला.

डाउनलोड कोटींत, पाकीट खिशात

क्रिकेटकडे परत येऊ. ईएने सोडलेली क्रीज बराच काळ मोकळी पडलेली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओने २०१४ मध्ये ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ काढला आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. खेळाडू आणि टीम बनवून एकमेकांना वाटण्याची सोय गेममध्येच दिली. पोरं चोरून जे करत होती, ते यांनी पुढच्या दाराने आत घेतलं. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सगळ्यात समजूतदार बदल.

इकडे मोबाइलवर चेन्नईच्या नेक्स्टवेव्हची ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ आणि आपल्या जेटसिंथेसिस समूहात, म्हणजे पुण्याच्या घरात, वाढलेल्या नॉटिलसची ‘रिअल क्रिकेट’ सिरीज. १४, १६, १७, १८, १९, २०, मग २२, मग २४. ‘रिअल क्रिकेट २०’मध्ये तर संजय मांजरेकरची कॉमेंट्री. गेम फुकट, डाउनलोड कोटींच्या घरात. इथे विक्रीची फूटपट्टी पुन्हा गोंधळते. आपला माणूस गेम उतरवतो, लोकलमध्ये, एसटीत, मीटिंगमध्ये मान खाली घालून खेळतो, जाहिरात निमूट बघतो, पण ‘बाय नाऊ’ दिसलं की फोन खिशात! तरीही मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने, तीच ती बीजीएमआयवाली, सुमारे ११८ कोटी रुपये मोजून नॉटिलसचा ताबा घेतला. म्हणजे आपल्या टाइमपासची किंमत परक्या माणसाला बरोबर कळली आहे.

दादाने पैसे भरले

दादा आता तेहेतिशीचा. खराडीत आयटीत आहे, ईएमआय आहे, डोक्यावर थोडे कमी केस आहेत. २०२३ च्या दिवाळी बोनसमधून त्याने आयुष्यातला पहिला ओरिजिनल क्रिकेट गेम घेतला, बिग अँटचा ‘क्रिकेट २४’. किंमत चार आकडी. वहिनीला सांगितलं, की ऑफिसचं सॉफ्टवेअर आहे. मला फोन करून म्हणाला, ‘कॅफेतल्या त्या सगळ्या तासांचं कर्ज फेडलं बघ.’

त्याने हौसेने इंडियाची टीम उघडली. नावं? भलतीच! इंडियाच्या नॅशनल टीमचं लायसन्स याही गेमकडे नव्हतं. सतरा वर्षं झाली, ग्राफिक्समध्ये घाम दिसायला लागला, पण आपल्या माणसाचं नाव काही सरळ लिहून येईना. फरक एवढाच, की आता पेनड्राइव्ह लागत नव्हता. कोणीतरी बनवून ठेवलेली खरी टीम गेममधूनच उतरवता येत होती. दादाने ती उतरवली, आठवडाभर खेळला. मग म्हणाला, ‘चांगला आहे. पण हात बसत नाही.’

मागच्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत नगरला सगळे जमलो होतो. नगरचं नाव आता सरकारदरबारी अहिल्यानगर झालंय, पण मामाच्या तोंडात अजून नगरच. तो कॅफे बंद होऊन जमाना झाला. फराळ झाल्यावर दादाने लॅपटॉप काढला आणि स्क्रीनवर पुन्हा तोच! ‘क्रिकेट ०७’, वर २०२५ च्या आयपीएलचा पॅच. कोलकात्याचा कॅप्टन अजिंक्य रहाणे, जसा तो त्या सीझनला खराखुरा होता. झहीर रिटायर होऊनही दहा वर्षं झालेली, त्यामुळे श्रीरामपूर एन्ड रिकामा. मागून रिची बेनॉचा तो संथ आवाज. बेनॉ जाऊन दहा वर्षं झाली, २०१५ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांनी आयुष्यात न पाहिलेल्या टीम्सच्या मॅचवर ते मामाच्या हॉलमध्ये अगदी मनापासून बोलत होते.

मामा चष्मा वर करून म्हणाले, ‘अरे, हा तोच ना रे, ज्याच्यापायी तुझं बारावीचं मॅथ्स बुडालं?’

दादाने उत्तर दिलं नाही. इनिंग संपली होती. त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. ‘घे, बॉलिंग.’

म्हटलं, पंधरा वर्षं झाली, आता तरी बॅटिंग दे.

‘आधी विकेट काढ,’ तो म्हणाला.